पन्नासपैकी एकोणचाळीस

माझ्या लग्नाची बोलणी करायला सासरची माणसं पहिल्यांदा आमच्या गडमुडशिंगीच्या घरी जेवायला आली आणि अर्धपोटी परत गेली. स्वयंपाक उत्तम झाला होता. परातीत पुरणपोळ्यांची चळत तशीच शिल्लक होती. पण वाढायला चंदनावहिनी होती.

झालं असं की, वहिनी पोळ्या घेऊन माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या पानाजवळ आली. त्यांनी रिवाजाप्रमाणं ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "नको नको, लई झालं." आमच्याकडं याचा अर्थ 'अजून दोन वाढा' असा होतो. हे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असतं. वहिनी म्हणाली, "बरं," आणि पुढच्या पानावर गेली. तिथंही "नको". मग त्याच्या पुढच्या पानावर. चौदा पानं दोन मिनिटांत फिरून ती स्वयंपाकघरात परत आली आणि आईला म्हणाली, "कुणालाच नको आहे."

आई पदर खोचून धावली, पण तोवर पाहुणे हात धुवायला उठले होते. लग्न मोडलं नाही. मात्र सासूबाई पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या, "दीपाच्या माहेरात वाढायची पद्धत न्हाय."

वहिनीला आमच्या घरात येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. आता बावीस वर्षं झाली. मी तिची नणंद, गारगोटीच्या एका शाळेत मराठी शिकवते. बोलणं हा माझा धंदा आणि स्वभावही. आणि या बावीस वर्षांतली वीस वर्षं मी असं धरून चालले होते की वहिनी शिष्ट आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं.

तिचं माहेर सीमेजवळच्या एका खेड्यातलं. आमच्यासारखंच जैन शेतकरी घर, पण आईला अव्वा म्हणणारं, निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलणारं. वहिनी मराठी शिकली ती शाळेच्या पुस्तकातून. त्यामुळं ती बोलते ते छापल्यासारखं. कोल्हापुरात तोंडावर बोलणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट गोड बोलणाऱ्याचाच संशय येतो. पण आमच्या रोखठोक बोलण्याला एक चढा आवाज असतो, पाठीवर थाप असते, शेवटी हसणं असतं. वहिनी तेच बोलायची, पण संथ आणि सपाट आवाजात, समोरच्याच्या खांद्याकडं बघत. त्यामुळं ते लागायचं. दिवाळीला नवी साडी नेसून मी तिला विचारलं होतं, "कशी दिसते?" ती म्हणाली, "ब्लाऊजचा रंग जुळत नाही." खरंच जुळत नव्हता. ती साडी मी परत नेसले नाही.

घरची मोठी माणसं मात्र तिच्यावर खूश होती. आमच्यात सूर्यास्ताच्या आधी जेवतात. बाकीच्यांची कधीमधी चालढकल व्हायची, वहिनीची कधीच नाही. पाणी गाळून, कंदमुळं वर्ज्य, पर्युषणातले नियम काटेकोर. आप्पा, म्हणजे माझे वडील बापूसो मगदूम, गावभर सांगायचे, "आमची सून लई धार्मिक हाय." वहिनीनं पुढं एकदा मला सांगितलं की धर्माचं तिला ठाऊक नाही, पण जिथं काय करायचं ते आधी लिहून ठेवलेलं असतं तिथं तिला बरं वाटतं.

असंच बरं तिला नोकरीतही वाटायचं. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये ती तंत्रज्ञ. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी स्कूटर काढायची, उचगाववरून ठरलेल्या रस्त्यानं जायची आणि आतल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्ताच्या काचा वाचत बसायची. त्या खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. डेंग्यूच्या दिवसांत मशीननं एका बाईच्या प्लेटलेट चाळीस हजार दाखवल्या होत्या. घरच्यांची रडारड सुरू झाली. वहिनीनं काच लावून बघितली आणि सांगितलं की प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे झालेत, मशीनला ते मोजता येत नाहीत. दुसऱ्या नळीत रक्त घेतलं, तर आकडा पावणेदोन लाख निघाला. लॅबचे डॉक्टर तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय शंकेचा रिपोर्ट सोडत नसत.

गेल्या वर्षी याच कौतुकानं घात केला. डॉक्टरांनी दुसरी शाखा काढली आणि वहिनीला बढती दिली. बढती म्हणजे बाहेरचं काउंटर. दोन फोन, दारात सतत माणसं, समोर रस्ता, वर टीव्ही. कुणी विचारतंय रिपोर्ट कधी, कुणी विचारतंय उपाशीपोटी यायचं का, आणि सगळे एकाच वेळी. वहिनीनं तीन आठवडे तिथं कसेबसे काढले. रोज घरी येऊन न बोलता मागच्या खोलीत जायची आणि ज्वारीच्या पोत्यांमध्ये अंधारात तासभर बसायची. दादा, म्हणजे माझा भाऊ जिनेंद्र, दाराबाहेर उभा राहून विचारायचा, "डोकं दुखतंय काय?" आतून उत्तर यायचं, "डोकं नाही."

चौथ्या आठवड्यात गणपतराव नावाचे एक गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले. पाकीट हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "काळजीचं काय न्हाय न्हवं, ताई?" वहिनी म्हणाली, "आहे." गणपतराव तिथंच बाकावर बसले. सोबतच्या मुलानं आरडाओरडा केला, डॉक्टरांना बाहेर यावं लागलं. डॉक्टरांनी वहिनीला आत बोलावून समजावलं, "अशा वेळी म्हणायचं असतं की तुमच्या डॉक्टरांना दाखवा." वहिनीनं विचारलं, "पण त्यांनी ते विचारलं नव्हतं ना?"

हे सगळं सबिना ऐकत होती. सबिना लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, हसरी बाई, लहान पोरांनाही सुई कळू देत नाही. तिचा भाचा उजैर सहा वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं होतं, त्यामुळं तिनं त्याबद्दल पुष्कळ वाचलेलं, ऐकलेलं होतं. संध्याकाळी तिनं वहिनीला स्कूटरपाशी गाठलं. म्हणाली, "चंदनाताई, रागवू नका. एक चाचणी असते, मोबाईलवर. मोठ्या माणसांसाठी. तुम्ही सोडवून बघता का?"

"तुम्हाला असं का वाटलं?" वहिनीनं विचारलं.

"उजैर तुमच्यासारखाच हाय म्हणून," सबिना म्हणाली. "आणि तो मला लई आवडतो."

त्या रविवारी मी माहेरी गेले होते. दुपारी आम्ही बाहेरच्या सोप्यात बसलो होतो. आप्पा पलंगावर, आई शेंगा फोडत, दादा पेपर घेऊन. वहिनी मोबाईल घेऊन माझ्यासमोर आली. "दीपाताई, तुम्ही मराठी शिकवता. हे मराठी मला कळत नाही."

चाचणी मूळ इंग्रजी होती आणि मराठी यंत्रानं केलेलं होतं. पन्नास वाक्यं, आणि प्रत्येकापुढं 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत चार पर्याय. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "मला सामाजिक पक्ष आनंद देतात."

"कुठला पक्ष?" आप्पांनी पलंगावरून विचारलं.

"पक्ष म्हणजे पार्टी असणार, आप्पा. वाढदिवसाची वगैरे."

"मग ठीक हाय. मला वाटलं, आजवर आनंद दिलेला पक्ष कुठला काढला ह्यांनी."

वहिनीनं पूर्ण असहमत दाबायला सांगितलं. पुढचं वाक्य होतं, "मी ओळींच्या मधले सहज वाचू शकतो." याचा अर्थ मी तिला सांगणार, एवढ्यात ती म्हणाली, "ओळींच्या मध्ये काही छापलेलं नसतं." मी हसले आणि न विचारताच बटण दाबलं.

मग सगळं घरच त्यात ओढलं गेलं. "समोरचा माणूस माझ्या बोलण्याला कंटाळला आहे हे मला समजते." वहिनी म्हणाली, "कंटाळला असेल तर तो सांगेल." आप्पा म्हणाले, "व्हय, सांगायलाच पायजे." पुढं आलं, "मला नुसत्या गप्पा मारायला आवडते." वहिनीनं विचारलं, "कशाविषयी?"

"कशाविषयीच नाही. नुसत्याच," मी म्हणाले.

"मग त्यात बोलतात काय?"

जन्मभर नुसत्या गप्पा मारत आलेली मी, पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

पंचविसाव्या की सव्विसाव्या वाक्याला दादा अडला. वाक्य होतं, 'समारंभात काय बोलावे हे मला सुचत नाही', आणि वहिनीनं पूर्ण सहमत म्हटलं होतं. "हे चुकीचं हाय," दादा म्हणाला. "लग्नाकार्यात तू नीट बोलतीस की. हसतीस बी."

"ते पाठ केलेलं असतं," वहिनी म्हणाली.

"काय पाठ केलेलं असतंय?"

वहिनी उठून आत गेली आणि एक लांब वही घेऊन आली. वर औषध कंपनीच्या जाहिरातीचं कव्हर. आत लाल शाईनं अधोरेखित केलेले मथळे, आणि खाली तिच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात मुद्दे. मी पानं उलटत गेले. बारसं: बाळ कुणासारखं दिसतं ते विचारावं, आपलं मत देऊ नये. मयत: घरच्यांनी काही खाल्लं का विचारावं, आजाराचं नाव विचारू नये. लग्न: तीन वाक्यं झाल्यावर हसावं, फोटोच्या वेळी पुन्हा. जेवण वाढताना: पाहुणा 'नको' म्हणाल्यास तीनदा विचारावं. चौथ्यांदा थांबावं. याच्यापुढं आमच्या चौदा पानांची तारीख घातलेली होती.

एक पान माझ्या नावाचं होतं. 'दीपाताई नवी साडी नेसून आल्यास प्रथम चांगली आहे म्हणावं. ब्लाऊजबद्दल विचारल्याशिवाय बोलू नये.' त्याखाली, वेगळ्या शाईत, 'दीपाताई रडत आल्यास: काय म्हणावं माहीत नाही. जवळ बसावं.'

अकरा वर्षांपूर्वी सासरी मोठं भांडण होऊन मी रडत माहेरी आले होते. आई देवळात गेलेली, घरात फक्त वहिनी. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि दुपारभर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. नंतर मी आईला म्हणाले होते, "बाई आहे की दगड." आता आठवलं, तो कामाचा वार होता. ती लॅबला गेली नव्हती.

"वहिनी, त्या दिवशी तू रजा काढली होतीस?"

"हो. त्या वर्षातली एकच रजा."

आईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या हातातून वही घेतली. तिला फारसं वाचता येत नाही. तिनं नुसती ती पानं बोटानं चाचपली आणि वहिनीला म्हणाली, "एवढं लिवून काढायचंस व्हय गं? मला इचारायचंस की."

"तुम्हाला विचारून झाल्यावरच लिहिलंय," वहिनी म्हणाली.

राहिलेली वाक्यं आम्ही दंगा न करता संपवली. शेवटचं बटण दाबल्यावर आकडा आला. पन्नासपैकी एकोणचाळीस.

"म्हंजे पहिला वर्ग की," आई म्हणाली.

दादाचा चेहरा उतरला होता. "म्हंजे नक्की काय झालं?"

"अजून काही नाही," वहिनी म्हणाली. मोबाईलवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे निदान नव्हे, आणि तिनं तेवढंच सगळ्यात आधी वाचलं होतं. "ही चाळणी परीक्षा आहे. लॅबमध्येही असंच असतं. पहिल्या टेस्टला पॉझिटिव्ह आलं की लगेच रोग म्हणत नाहीत, दुसऱ्या पद्धतीनं खात्री करतात."

तेवढ्यात आप्पा उठून बसले. "माझी बी घ्या."

आप्पांनी पन्नास उत्तरं दहा मिनिटांत दिली. अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का? "कशाला आवडंल? काम असंल तर बोलावं." दुसऱ्यांच्या भानगडीत रस? "अजिबात न्हाय." एकटं राहायला आवडतं? "तेच आवडतंय." आकडा आला चौतीस. आप्पा गंभीर झाले. आई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. सकाळीच आप्पांनी रस्त्यावरच्या एका अनोळखी मोटरसायकलवाल्याला "कुठलं पावणं?" म्हणून थांबवलं होतं आणि त्याच्या आत्याच्या सासरपर्यंतची माहिती काढल्यावरच सोडलं होतं. मग आईनं आप्पांची उत्तरं स्वतः सांगितली. आकडा आला अकरा.

"एकच माणूस, दोन आकडे," वहिनी म्हणाली. "म्हणून खात्री करून घेतली पाहिजे. माझंही माझ्याविषयीचं मत चुकीचं असू शकतं."

खात्री करायला अडीच महिने गेले. मोठ्या माणसांचं असं निदान करणारं कोण, हेच आधी कळेना. सबिनानं उजैरच्या डॉक्टरांकडून एका मानसतज्ज्ञ बाईंचं नाव आणलं. आदिती मॅडम, वय पस्तिशीच्या आतबाहेर. त्यांनी वहिनीला चार वेळा बोलावलं. दादाला वेगळं विचारलं. लहानपणचं सांगणारं कुणीतरी हवं म्हटल्यावर वहिनीच्या अव्वा गावाहून एस.टी.नं आल्या.

अव्वांनी सांगितलं, की ही तीन वर्षांची होईस्तोवर बोलली नाही, आणि बोलली ते एकदम सबंध वाक्य. शाळेत एकच मैत्रीण, तिचं लग्न होऊन गेल्यावर हिनं दुसरी केली नाही. शेंगा सोलायला बसली की एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी अशा वेगळ्या लावायची, आणि कुणी मिसळल्या तर जेवायची नाही. "आमी म्हणायचो, हट्टी हाय. वडलांच्या हातचा मार बी खाल्लाय हिनं त्यापायी," अव्वा म्हणाल्या आणि डोळे पुसले.

शेवटच्या भेटीला मी सोबत गेले होते. आदिती मॅडमनी शांतपणे सांगितलं की हो, हा ऑटिझमच आहे. "ऑनलाइन चाचणी म्हणजे चाळणी," त्या म्हणाल्या. "चाळणीत वर राहतात ते सगळे खडे नसतात. सुपात घेऊन निवडावं लागतं. तुमच्या बाबतीत आपण निवडून बघितलं आहे. यावर औषध नाही आणि तसं ते लागतही नाही. काय जमतं, कशाचा त्रास होतो, ते कळलं म्हणजे दिवस तसा लावून घेता येतो."

वहिनीनं विचारलं, "तुम्हाला किती टक्के खात्री आहे?"

मॅडम हसल्या. "टक्क्यांत सांगता येत नाही. पण मला शंका नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. नोकरीच्या सवयीनं बोलून गेले. ती स्कूटरची किल्ली हातात धरून थांबली. "हा शब्द बरोबर नाही," ती म्हणाली. "मी स्वतःत मग्न नसते. मी सारखी तुमच्याच विचारात असते. हा असं का बोलला, आता मी काय बोलू, कुठं बघू. स्वतःत मग्न व्हायला मला फक्त मायक्रोस्कोपपाशी वेळ मिळतो." इतकी वर्षं मी मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आले, आणि या शब्दाच्या अर्थाचा मी कधी विचारच केला नव्हता.

आम्ही कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला थांबलो. वहिनीनं आलं न घालता सांगितला. एक ग्लास संपल्यावर तिनं दुसरा मागवला, असं ती कधी करत नाही. मग एकदम बोलायला लागली. म्हणाली, "दीपाताई, मला नेहमी वाटायचं की सगळ्यांना लहानपणी कसलं तरी पुस्तक वाटलं गेलं, त्यात कसं वागायचं ते लिहिलंय, आणि माझी पाळी आली तेव्हा पुस्तकं संपली. म्हणून मी वही केली. आज कळलं की माझ्यासारखे बरेच जण आहेत, त्यांनाही मिळालेलं नाही." आणि ती हसली. तीन वाक्यं कधीच होऊन गेली होती, मी मोजली नव्हती. पण हे हसणं वहीतलं नव्हतं, एवढं मला कळलं.

घरी आम्ही धास्तावलेलो होतो ते चिरागला कसं सांगायचं म्हणून. चिराग तिचा मुलगा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. वहिनीनं फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मग तो म्हणाला, "आई, माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या आया परीक्षेच्या आदल्या दिवशी 'टेन्शन घेऊ नको' म्हणतात. तू एकटीच विचारतेस, कुठला धडा राहिलाय. मला तेच बरं पडतं."

लॅबमध्ये सांगायचं की नाही, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. दादाचं म्हणणं, सांगू नये, लोक वेड्यात काढतील. त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या भावकीतल्या एका बाईनं ऐकल्या ऐकल्या विचारलंच होतं, "मग सैपाक जमतोय न्हवं तिला?" शेवटी वहिनीनंच ठरवलं. सबिनाला सोबत घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मला काउंटर नको. मला मायक्रोस्कोप द्या. कारण असं आहे." आणि आदिती मॅडमचा कागद पुढं ठेवला.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "अहो, मला वाटलं बढती दिली की तुम्ही खूश व्हाल."

"मी खूश नव्हते. तुम्ही विचारलं नाहीत."

आता काउंटर सबिना सांभाळते. तिला चार माणसं एकदम बोलली तरी चालतं, उलट बोलायला कोणी नसलं तर करमत नाही. दोन्ही शाखांच्या शंकेच्या काचा वहिनीकडं येतात आणि तिच्या खोलीच्या दाराला डॉक्टरांनी रबर लावून दिलं आहे, आपटू नये म्हणून. दिवाळीच्या आसपास गणपतराव परत तपासणीला आले. मागच्या वेळी पाकीट घेऊन ते तडक मोठ्या दवाखान्यात गेले होते, वेळेत उपचार सुरू झाले होते, तब्येत बरी होती. काउंटरवर सबिनाला म्हणाले, "ती खरं सांगणारी बाई कुठं हाय? रिपोर्ट तिलाच बघू दे."

घरातही बदल झाले. लग्नाला गेलो की वहिनी बँडपासून लांब बसते, अक्षता पडल्या की उठते आणि यजमानाला सांगते, "मला आता आवाज सहन होत नाही, मी निघते." पहिल्यांदा लोक चमकले. आता सवय झाली. माझ्या सासूबाईंना मीच सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तवा ती आमाला खरंच विचारत हुती. आमीच खोटं बोललो की गं." आप्पांनी तर नवीच पद्धत पाडली आहे. थट्टा केली की लगेच वहिनीकडं बघून जाहीर करतात, "चेष्टा हाय." कधी कधी ते जाहीर करणंच मूळ थट्टेपेक्षा जास्त हसवतं.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. वैशाखातल्या एका लग्नात गोंगाट सहन न होऊन ती कार्यालयाच्या मागच्या जिन्यात कान दाबून बसली होती, आणि तिला शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. दादा अजूनही पाहुण्यांसमोर हे सांगताना आवाज खाली आणतो. पण ज्वारीच्या पोत्यांमध्ये तिला बसलेलं गेल्या आठ महिन्यांत कुणी पाहिलेलं नाही.

लॅबनं नवा मायक्रोस्कोप घेतला तेव्हा जुना वहिनीनं मागून आणला. तो सोप्यात खिडकीपाशी ठेवला आहे. रविवारी सकाळी गल्लीतल्या मुली, आयाबाया येतात, कुणी विहिरीचं पाणी आणतं, कुणी जास्वंदीचे पराग, कुणी स्वतःचा केस. वहिनी एकेकीला बसवते आणि सांगत राहते. तासभर, कधी दोन तास. आवाज तोच, सपाट. पण ज्या बाईला गप्पा येत नाहीत म्हणून आम्ही वीस वर्षं कुरकुर केली, तिचं बोलणं ऐकायला दारात चपला मावत नाहीत.

मागच्या रविवारी आप्पा म्हशींच्या डोणीतलं पाणी वाटीत घेऊन आले. "बघ की, ह्यात काय हाय."

वहिनीनं एक थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, चाक फिरवून नीट केलं आणि बाजूला सरकली. आप्पांनी टोपी मागं केली, एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. काही हिरवं हळू सरकत होतं, काही गरगर फिरत होतं, एक लांबट प्राणी वाट काढत सगळ्यांच्या मधून चालला होता. वहिनी त्यांच्या कानाशी एकेकाचं नाव सांगत होती.

डोळा न काढता आप्पा म्हणाले, "आयला, हे तर गावच हाय की."